दादरा-नगर हवेली, १९५४ : शेजारच्या वसाहतीतल्या बंडाला सरकार किती हात देतं? ठाण्यातल्या एका अभ्यासगटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा एक गट आहे. कोणी कळव्या-दिव्याहून लोकलने येतं, कोणी घोडबंदर रोडच्या कोंडीतून वाट काढत. इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन विषय मी त्यांना शिकवते. काही वर्षांपूर्वी या गटासमोर एक पेच उभा राहिला, त्याची ही हकीकत. माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

सुरुवात एका सराव प्रश्नाने झाली. ‘एखादं राष्ट्र शेजारच्या वसाहतीतल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या बंडखोरांना पाठिंबा का देतं? उदाहरणासह चर्चा करा.’ उत्तरं आली ती सगळी एका छापाची. वसाहतवादाला तात्त्विक विरोध, सीमेची सुरक्षा, देशांतर्गत जनमत, जगात मिळणारी प्रतिष्ठा. चार मुद्दे आणि शेवटी शेपटासारखं जोडलेलं एखादं उदाहरण. गुण मिळाले असते, पण ही चार कारणं अल्जीरियाच्या शेजाऱ्याला लावा, मोझांबिकच्या शेजाऱ्याला लावा, कुठेही बसतात. कुठेही बसणारं उत्तर कशाचाच उलगडा करत नाही.

त्याच सुमारास परिसरातल्या एका वाचनालयाने १९ डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात या विषयावर मांडणी करायला गटाला बोलावलं. श्रोत्यांत १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेलेले एक वयोवृद्ध गृहस्थ असणार होते. त्यामुळे उत्तरपत्रिकेत खपून जाणारं विधान तिथे चालणार नव्हतं.

अडचण

तयारीच्या पहिल्या बैठकीला मुलांनी या आजोबांनाच बोलावलं. भिंतीवर लावायच्या तक्त्याचा मथळा तयार होता : ‘गोमंतक मुक्तिलढ्याला भारताचा पाठिंबा’. आजोबांनी चष्मा वर करून तो वाचला आणि म्हणाले, “हा मथळा काढा. पाठिंबा कसला? पंधरा ऑगस्टला बांद्याच्या बाजूने आत गेलो, पोर्तुगीज शिपायांच्या लाठ्या खाल्ल्या, त्यांनी हद्दीवर आणून टाकलं. बरा होऊन महिन्याभरात पुन्हा निघालो तर आपल्याच पोलिसांनी अडवलं. सरकार बघत बसलं होतं रे.”

खोली शांत झाली. दिव्याहून येणारा मुलगा, ज्याने तो मथळा स्वतः लिहिला होता, हळूच म्हणाला, “पण आजोबा, १९६१ ला लष्कर गेलंच ना?” आजोबा म्हणाले, “सहा वर्षांनी.”

पेच नेमका इथे होता. भारत सरकारच्या मनातली कारणं १९५४, १९५५ आणि १९६१ या तिन्ही वर्षी जवळपास तीच होती. स्वतः वसाहत म्हणून दीडशे वर्षं भोगलेला देश, आपल्याच किनाऱ्यावर परक्या सत्तेचं ठाणं, ती सत्ता १९४९ पासून ‘नाटो’ची संस्थापक सदस्य, मुंबईत हजारोंनी राहणारे गोवेकर, लोकसभेत रोज टोचणारे विरोधी पक्ष. कारणं तीच असूनही एका वर्षी सरकारने बंडखोरांना वाट मोकळी करून दिली, दुसऱ्या वर्षी त्यांची वाट अडवली आणि तिसऱ्या खेपेला स्वतः सैन्य घातलं. कारणांची यादी कितीही लांबवली तरी हा फरक तिच्यातून निघत नाही.

समोर असलेले पर्याय

उदाहरण कोणतं घ्यायचं यावर बराच खल झाला. बहुतेकांना १९७१ चा बांगलादेश हवा होता. साहित्य भरपूर आणि शेवट विजयाचा. पण पूर्व पाकिस्तान कायद्याने वसाहत नव्हता, तो एका सार्वभौम देशाचा प्रांत होता. तिथल्या बंडाला मदत करण्यामागचा कायदेशीर आणि राजकीय हिशेब वेगळा पडतो, म्हणून तो पर्याय मागे पडला.

दुसरा पर्याय फक्त गोव्याचा. कार्यक्रमाला साजेसा, पण त्यात आजोबांचा अनुभव आणि सरकारी इतिहास समोरासमोर उभे राहणार आणि मांडणीचं भांडण होणार ही भीती होती. तिसरा पर्याय आफ्रिकेतला, टांझानिया आणि मोझांबिक. तो सुरक्षित होता, कारण श्रोत्यांतल्या कोणाचीच त्यात दुखरी नस नव्हती. गटातल्या काहींना तो नेमका त्यासाठीच हवा होता.

चौथा पर्याय नकाशातून निघाला.

पहिला निर्णय : जिल्ह्याची जुनी हद्द

कळव्याच्या मुलीने १९६० पूर्वीच्या मुंबई राज्याचा नकाशा मिळवून मोठा छापून आणला. टेबलावर अंथरला तर कोपरे गुंडाळायला लागले, म्हणून चहाचे चार ग्लास कोपऱ्यांवर ठेवले. तेव्हाचा ठाणे जिल्हा उत्तरेला उंबरगावपर्यंत जात होता. उंबरगाव तालुका १९६० मध्ये गुजरातेत गेला आणि पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये. तिने पेन्सिलीने जिल्ह्याची हद्द वर वर नेली आणि तलासरीच्या पुढे तिचा हात थांबला. हद्दीला लागूनच पोर्तुगिजांच्या ताब्यातली नगर हवेली होती.

म्हणजे ज्या ‘शेजारच्या वसाहती’बद्दल प्रश्न विचारला होता ती या मुलांच्या जिल्ह्याला खेटून होती. मला स्वतःला हा क्षण सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेल्या किल्ल्याची आहे आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, हे इथल्या बऱ्याच मुलांना माहीत असतं. पण त्याच जिल्ह्याच्या वरच्या टोकाला पोर्तुगीज सत्ता १९५४ पर्यंत होती, हे कोणी सांगितलेलं नसतं.

नकाशाने आणखी एक गोष्ट दाखवली. पोर्तुगिजांचंच दमण समुद्रकाठी. दादरा आत, चहूबाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेलं. नगर हवेली त्याहून आत आणि तिच्या व दादऱ्याच्या मध्ये पुन्हा भारतीय पट्टा. दमणहून एक शिपाईसुद्धा नगर हवेलीचं मुख्य ठिकाण असलेल्या सिल्वासाला धाडायचा तर भारताची जमीन तुडवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गोव्याला समुद्र होता. कुमक, दारूगोळा, अन्नधान्य बंदरात उतरू शकत होतं. नगर हवेलीची किल्ली मात्र भारताच्या कमरेला होती.

दादरा-नगर हवेली घ्यायची आणि तिच्याशेजारी १९५५ व १९६१ चा गोवा ठेवायचा, असं ठरलं.

दुसरा निर्णय : ‘का’ बाजूला ठेवून ‘किती’

आजोबांच्या हरकतीचं काय करायचं, हा त्याहून अवघड प्रश्न होता. मथळा तसाच ठेवून त्यांना कार्यक्रमात शाल-श्रीफळ द्यावं असं एकाने सुचवलं. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. ज्याचं म्हणणं खोडून काढायचं धैर्य नाही त्याचा सत्कार करून ते झाकायचं, ही पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. दुसरा प्रस्ताव उलटा होता : आजोबा तिथे होते, आपण नव्हतो, तेव्हा सरकारने काहीच केलं नाही असं लिहून टाकावं. तेही चालणार नव्हतं, कारण आजोबा १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर होते, १९५४ ला सिल्वासाच्या वाटेवर नव्हते.

शेवटी तक्ता वर्षांप्रमाणे तोडायचं ठरलं आणि प्रत्येक वर्षापुढे चार प्रश्न ठेवले. सरकारने बंडखोरांना काय करू दिलं? कोणाला अडवलं? उघडपणे काय दिलं? स्वतःचं काय पाठवलं? हेतूबद्दल बोलायचं ते या चार रकान्यांत काही भरल्यावरच.

१९५४ चा रकाना

नगर हवेली पोर्तुगिजांकडे आली ती पेशव्यांकडून. मराठ्यांच्या आरमाराकडून पोर्तुगीज जहाजाचं नुकसान झालं, त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं त्यांना तोडून दिली गेली. मुलं हे वाचून चपापली, कारण हा धागा लिस्बनहून निघत नव्हता, पुण्याहून निघत होता.

१९५४ च्या जुलैत घटना भराभर घडल्या. २२ जुलैच्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स या गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या संघटनेच्या लोकांनी दादरा घेतलं, २८ तारखेला आझाद गोमंतक दल या तशाच दुसऱ्या संघटनेने नगर हवेलीतलं नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. या स्वयंसेवकांत संघाचे लोक होते. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांची नावं मराठी घरांत याच संदर्भात सांगितली जातात. १९४५ च्या वारली उठावातून तयार झालेले कम्युनिस्ट कार्यकर्तेही आत शिरले होते.

आता चार प्रश्न. काय करू दिलं? माणसं मुंबई राज्याच्या हद्दीत जमली, तिथून निघाली आणि त्यांना कोणी हटकलं नाही. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असलेल्या राज्यात पोलिसांच्या नजरेतून एवढी जमवाजमव सुटली, हे कोणालाही पटणार नाही. कोणाला अडवलं? दमणहून कुमक आणि अधिकारी पाठवण्याची परवानगी पोर्तुगिजांनी मागितली, ती भारताने दिली नाही. उघडपणे काय दिलं? काही नाही. काय पाठवलं? लष्कराचा एक सैनिकही नाही. नगर हवेलीचा पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या माणसांसह मागे हटत हटत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. सुंठेवाचून खोकला गेला.

तक्ता एवढा भरल्यावर आजोबांचं ‘बघत बसलं होतं’ हे वाक्य वेगळं ऐकू यायला लागलं. एका बाजूकडे काणाडोळा करायचा आणि दुसऱ्या बाजूसमोर दार लावायचं, ही मदत होती, आणि जिथे एका सत्तेचा जीव त्या दारावर अवलंबून आहे तिथे तर निर्णायक मदत होती. ती देताना सरकारला स्वतःच्या नावाने काही करावं लागलं नाही, हाच तिचा मोठा फायदा. पंचशीलाच्या करारावर एप्रिल १९५४ मध्ये सही झालेली होती. दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही असं जगाला सांगून जेमतेम तीन महिने झाले होते. पाँडिचेरीबाबत फ्रान्सशी बोलणी शेवटच्या टप्प्यात होती आणि नोव्हेंबरमध्ये ती गावं शांततेने हातात आली. अशा वेळी सैन्य घालणं म्हणजे हाताशी आलेलं घालवणं.

गटातला एक मुलगा इथे एक अंदाज मांडायचा : नगर हवेलीत प्रशासन कोसळलं आणि आपण दूर राहिलो तर वारली पट्ट्यात कम्युनिस्टांचं बस्तान बसेल, ही धास्ती मुंबई सरकारला असणार. हा अंदाज म्हणूनच तक्त्यावर वेगळ्या रंगात लिहिला. शेजारचं राष्ट्र बंडखोरांना मदत करतं तेव्हा ते पुष्कळदा कोणते बंडखोर जिंकावेत हेही ठरवू पाहत असतं.

त्यानंतरची सात वर्षं मुलांनी अधिक बारकाईने पाहिली. भारताने हा प्रदेश लगेच पोटात घातला नाही. कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायतीकडे राहिला. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला : आम्हाला या प्रदेशात जायचा वाटहक्क आहे आणि भारताने तो मोडला. भारतातर्फे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एम. सी. छागला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाटहक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांच्यासाठी ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारला. आणि त्या तणावाच्या दिवसांत वाट बंद करून भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ ने ठरलं.

“एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर?” कळव्याच्या मुलीने विचारलं. उत्तर कोणीच दिलं नाही, पण सरकारने सात वर्षं त्या प्रदेशावर औपचारिक हात का ठेवला नाही हे सगळ्यांना कळलं. ११ ऑगस्ट १९६१ पासून दहाव्या घटनादुरुस्तीने तो भारतात आला. विलीनीकरणावर सही करता यावी म्हणून के. जी. बदलानी या प्रशासकीय अधिकाऱ्याला त्या प्रदेशाचं एका दिवसाचं पंतप्रधान करण्यात आलं.

१९५५ आणि १९६१

१५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगिजांनी गोळ्या चालवल्या, वीसहून अधिक माणसं ठार झाली. सरकारने राजनैतिक संबंध तोडले, नाकेबंदी कडक केली, आणि सप्टेंबरात भारतीय नागरिकांच्या सामूहिक सत्याग्रहाला मनाई केली. आजोबांना अडवलं ते तेव्हा.

इथे एका कागदाशी एक माणूस जुळला. आजोबांना मुलांनी विचारलं, “तुम्हाला अडवणारा पोलीस काय म्हणाला?” ते म्हणाले, “म्हणाला, ‘तात्या, परत जा, वरून हुकूम आहे.’ त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.” त्या हुकुमामागचा हिशेब मुलांनी त्यांच्यासमोर मांडला. आणखी माणसं मेली असती तर सैन्य घालण्यावाचून इलाज उरला नसता. सैन्य घातलं असतं तर काश्मीरच्या प्रश्नावर आपणच वापरलेले युक्तिवाद आपल्यावर उलटले असते. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासह काढलेल्या निवेदनात या वसाहतींचा उल्लेख ‘प्रांत’ असा केला. वारं कुठून वाहत होतं ते यावरून दिसतं.

आजोबांना हा हिशेब मान्य झाला नाही. “हिशेब बरोबर असेल, पण मेलेल्यांना तो कोणी सांगितला नाही,” असं ते म्हणाले. मला वाटतं तेही बरोबर होते. सरकारचा निर्णय समजून घेणं आणि तो ज्याच्या अंगावर आला त्याने तो माफ करणं, या दोन गोष्टी एकाच तक्त्यात बसत नाहीत. ते वाक्य तक्त्यावर त्यांच्या परवानगीने लिहिलं.

१९६१ पर्यंत पारडं फिरलं होतं. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या प्रदेशांची यादी करणाऱ्या ठरावात गोव्याचं नाव घातलं. अंगोलात उठाव पेटला होता. तिथले नेते भारताला विचारत होते की तुमच्या दारातला पोर्तुगाल तुम्ही कधी हलवणार. १९६२ च्या निवडणुका तोंडावर होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे राहणार होते. नोव्हेंबरात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटाजवळ भारतीय बोटींवर गोळीबार झाला. डिसेंबरात सैन्य आत गेलं आणि १९ तारखेला गव्हर्नर वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. सुरक्षा परिषदेतला निषेधाचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला.

आफ्रिकेकडे एक नजर

आफ्रिकेतली उदाहरणं पूर्ण सोडली नाहीत, फक्त एका मुद्द्यापुरती घेतली : बंडखोरांचा आश्रयदाता स्वतः किती मार खाऊ शकतो? ट्युनिशियाने अल्जीरियाच्या लढवय्यांना हद्दीत तळ दिले, तर फ्रेंच विमानांनी ८ फेब्रुवारी १९५८ ला साकिएत सिदी युसेफ हे गाव भाजून काढलं. गिनीने शेजारच्या पोर्तुगीज गिनीतल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाला आपल्या राजधानीत, कोनाक्रीत जागा दिली, तर नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीज तुकड्या थेट कोनाक्रीवर चालून आल्या. मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी फ्रेलिमो ही संघटना १९६२ मध्ये आजच्या टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये स्थापन झाली आणि तिला तिथे वर्षानुवर्षं आसरा मिळाला. गरीब, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी हा धोका पत्करला. त्यांच्या तुलनेत १९५४ च्या भारताला नगर हवेलीत उलट तडाखा बसण्याची भीती जवळजवळ नव्हती. मदतीचा दर्जा या दृष्टीने पाहिला तर त्या छोट्या राष्ट्रांचं पाऊल जास्त धाडसाचं ठरतं, आणि हे गटाने कार्यक्रमात स्पष्टपणे सांगितलं.

काय साधलं

मथळा बदलला. ‘१९५४ : वाट दिली. १९५५ : वाट अडवली. १९६१ : स्वतः गेले.’ कार्यक्रमात आजोबा पहिल्या रांगेत बसले, मांडणी झाल्यावर उठून १९५५ च्या रकान्याबद्दल बोलले आणि १९५४ च्या रकान्याबद्दल त्यांनी प्रश्न विचारले. श्रोत्यांतल्या एका बाईंनी आपल्या सासऱ्यांकडे सिल्वासाहून आणलेली काही कागदपत्रं असल्याचं सांगितलं; ती गटाने नंतर पाहून नोंदवली.

परीक्षेच्या बाजूने सांगायचं तर त्याच प्रश्नाची दुसरी उत्तरं पहिल्यापेक्षा लहान आली. ‘राष्ट्रहित’ हा शब्द बहुतेकांनी टाळला आणि त्याऐवजी त्या क्षणी काय गमवावं लागलं असतं ते लिहिलं. दोघांची उत्तरं मात्र पुन्हा चार मुद्द्यांवर गेली.

वेगळं काय करता आलं असतं

आजोबांना मथळा ठरण्याआधी बोलावता आलं असतं. तयार तक्ता समोर धरून माणसाला बोलतं केलं की तो तक्त्याशी भांडतो, आपली गोष्ट नंतर सांगतो.

पोर्तुगालची बाजू कमी पडली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवलं होतं. एक तुकडा सोडला की अंगोला-मोझांबिकही जातील हे त्याला दिसत होतं, म्हणून तो बोलणीच करत नव्हता. फ्रान्सने पाँडिचेरी सोडलं आणि पोर्तुगालने दमणही सोडलं नाही, याचं स्पष्टीकरण तक्त्यावर एका ओळीत उरकलं. शेजारी काय करतो हे समोरचा किती हटवादी आहे यावरही ठरतं, आणि त्या बाजूला वेगळा रकाना मिळायला हवा होता.

हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या वारल्यांचा आवाज संपूर्ण मांडणीत कुठेच आला नाही. दादरा पडलं, सिल्वासा पडलं, दिल्लीत काय ठरलं, हेगला काय झालं, हे सगळं आलं. ज्यांच्या शेतातून ही माणसं गेली, ज्यांची वेठ मुक्तीनंतर किती कमी झाली हा प्रश्न उरतो, त्यांच्याशी कोणी बोललं नाही. तलासरी ठाण्याहून गाडीने काही तासांवर आहे आणि त्या पिढीतली माणसं आता फार थोडी राहिली आहेत. नव्या गटातल्या दोघींनी हे काम अंगावर घेतलं आहे. दोघींपैकी एकीचं आजोळ त्याच पट्ट्यात आहे आणि तिला वारली बोली येते.